आत्याचा पलंग अडीच इंच वर

गुडघे कुरकुरायला लागले की घरात सगळ्यांत आधी पलंग आडवा येतो. खाली मांडी घालून बसणं सोडता येतं, स्वयंपाक ओट्यापाशी उभ्यानं होतो, पूजा खुर्चीत बसून केली तर कुणी हरकत घेत नाही. पलंगावरून मात्र दिवसातून अनेकदा उठावंच लागतं, आणि त्यातलं एखादं उठणं मध्यरात्री, अर्धवट झोपेत, अंधारात असतं. म्हाताऱ्या माणसाच्या पडण्याची खरी भीती असते ती या उठण्यात.

चिपळूणच्या माझ्या आत्याचा पलंग सागवानी आहे. चार कातीव पाय, उशाकडे कमानीची फळी, मधे नवार. तिच्या लग्नात आजोबांनी दिलेला. आतेभावानं खणांचा नवा पलंग आणायची तयारी दाखवली, तेव्हा तिनं मला फोन केला. "नवा नको गं मला. हाच जरा उंच करून दे. पण ह्याला करवत लावायची नाही हं." सुतारकाम मी हौसेनं करते आणि नात्यातली अशी कामं माझ्याकडे येत असतात. आत्याची अट मला मनापासून पटली. जुन्या वस्तूत बदल करायचा तो काहीतरी जोडून करावा, मूळ लाकूड कमी करून करू नये. आणि जे जोडलं ते पुढेमागे कुणाला नको झालं तर साध्या स्क्रू ड्रायव्हरनं सुटून यावं. दुरुस्ती चुकली तर परत करता येते. कापलेला पाय परत उगवत नाही.

हत्यार हातात घेण्याआधी एक गोष्ट मी नेहमी करते. त्या वस्तूवर आणखी कुणाकुणाचा जीव आहे ते विचारून घेते. पलंग आत्याचा, पण तो आजोबांनी करवून घेतलेला, त्यामुळे बाबांना आणि काकांनाही सांगितलं. काकांनी एवढंच म्हटलं, "कमानीला रंधा लावू नकोस." पलंगाच्या कामात कमानीला हात लावायची गरजच नव्हती, तरी ते ऐकून घेणं जरुरीचं होतं.

माप माणसाचं

पलंग किती उंच करायचा हे पलंगाकडे बघून ठरत नाही. ज्यानं त्यावर बसायचं त्याचं माप घ्यावं लागतं. माणसाला कडक बैठकीच्या स्टुलावर किंवा खुर्चीवर ताठ बसवायचं, तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत माप घ्यायचं. घरात सपाता घालून वावरणारं माणूस असेल तर सपातांसकट. आत्याचं हे माप १६ इंच भरलं. नुसतं बसायला तेवढी उंची पुरते. उठायला मात्र त्याहून दोनेक इंच जास्त लागते, कारण बैठक गुडघ्यापेक्षा खाली गेली की कंबर गुडघ्याच्या खाली जाते, गुडघा काटकोनापेक्षा जास्त मुडपतो, आणि सगळं वजन तशा मुडपलेल्या गुडघ्यावरून पुढे खेचून पावलांवर आणावं लागतं. ज्याच्या गुडघ्याची कूर्चा झिजली आहे त्याला नेमकी हीच हालचाल सोसत नाही. म्हणून आत्यासाठी १८ इंच ठरवले. त्याहून उंच करणंही वाईट. मग तळवे टेकत नाहीत, पलंगाची कड मांडीखाली रुतते आणि माणूस बसल्या बसल्या पुढे घसरतं.

आता पलंगाचं माप. इथे बहुतेक जण दांडीची उंची मोजतात आणि फसतात. दांडीचा वरचा काठ जमिनीपासून १३ इंचांवर होता आणि वर चार इंच जाडीची कापसाची गादी. बेरीज १७, म्हणजे एका इंचाचाच प्रश्न आहे असं वाटेल. पण आत्याला बसवून, तिच्या मांडीच्या शेजारी पट्टी उभी धरून पाहिलं तेव्हा खरी बैठक जेमतेम साडेतेरा इंचांवर निघाली. गादी दबून अडीच इंचांची झाली होती आणि सैल पडलेली नवार आणखी दोन इंच खाली गेली होती. शिवाय दांडी जागची जागी राहून बैठक आत खचल्यामुळे दांडीची कड मांडीला टोचत होती. आत्याची निम्मी तक्रार त्या कडेबद्दल होती.

म्हणजे उणीव साडेचार इंचांची, आणि ती दोन कारणांची. नवारीचा झोळ काढला की दोन इंच परत मिळणार, उरलेले अडीच पायांखाली द्यायचे. हा हिशेब न करता कुणी पायांखालीच साडेचार इंच दिले असते, तर पलंग उंच आणि लटपटता झाला असता, आणि झोळ तसाच राहिला असता.

ठरवलेली उंची पक्की करण्याआधी ती जगून पाहावी. नवारीवर जुन्या दाराची एक फळी टाकली, पायांखाली लाकडाचे सपाट तुकडे दिले आणि आत्याला काही रात्री तसंच झोपायला सांगितलं. आपल्याकडे पायांखाली विटा देऊन ठेवायची पद्धत आहे. तात्पुरतं ठीक आहे, पण कायमच्या विटा धोक्याच्या. केर काढताना पलंगाला धक्का बसतो, वीट सरकते, कोपरा झडतो, आणि एक दिवस पाय विटेवरून उतरतो. आत्याला १८ इंच सोसले. "आता हाताचा जोर लावावा लागत नाही," म्हणाली. मग काम सुरू केलं.

सांधे आधी

पलंग उंच करायचा म्हटल्यावर पायांकडे लक्ष जातं, पण मी आधी सांधे तपासले. कारण साधं आहे. पलंगाला बाजूनं धक्का बसला की पाय तरफेसारखं काम करतो आणि सगळा जोर पाय व दांडी जिथे मिळतात त्या सांध्यावर येतो. तो सांधा जमिनीपासून सुमारे ११ इंचांवर होता. खाली अडीच इंच वाढले की तरफ साडेतेरा इंचांची होते, म्हणजे त्याच धक्क्याला सांध्यावर जवळजवळ पाव हिस्सा जास्त ताण. आधीच सैल असलेला सांधा तसाच ठेवून पाय उंच करणं म्हणजे पलंग मोडायची व्यवस्था करणं.

आणि सांधे सैलच होते. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा आत्याच्या घरात पाणी शिरलं आणि पलंग दांडीच्या वरपर्यंत बुडाला. घरातलं भुशाच्या पाट्यांचं कपाट फुगून फुटलं आणि टाकून द्यावं लागलं. सागवानी पलंग टिकला. सागाच्या गाभ्यात मुळातच तेल असतं, ते पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही. पण सांध्यांचं नुकसान व्हायचं ते झालंच. दांडीच्या टोकाला निमुळतं कुसू असतं आणि ते पायाच्या भोकात बसतं. भिजल्यावर कुसू फुगू पाहतं, भोकात त्याला जागा नसते, मग लाकडाच्या पेशी आतल्या आत चेपल्या जातात. वाळल्यावर कुसू मूळच्या मापापेक्षाही बारीक होतं. भिजून वाळलेलं लाकूड 'आवळतं' असं आपण समजतो. सांध्याच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं. त्यात जुन्या कामातला सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, पाण्यात विरघळणारा. तो पुराबरोबर केव्हाच गेला होता.

पलंग सोडवताना सांध्यांपाशी एक सुंदर गोष्ट दिसली. प्रत्येक कुसवावर आणि त्याच्या जोडीच्या भोकाशेजारी पटाशीच्या टोकानं मारलेल्या बारीक रेघा होत्या. एकाला एक, दुसऱ्याला दोन, असं करत प्रत्येक जोडी वेगळी. ज्या सुतारानं तो केला त्यानं प्रत्येक कुसू त्याच्या त्याच्या भोकासाठीच तासलं होतं. म्हणून जुनं काम सोडवताना आधी खुणा शोधाव्यात, नसतील तर खडूनं स्वतः कराव्यात. दांड्यांची अदलाबदल झाली तर एकही सांधा नीट बसत नाही.

सैल सांध्यावर फेविकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून भरण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो करू नये. भुशाच्या लगद्याला ताकद नसते, आणि पुढच्या माणसाला तो सांधा कधी स्वच्छ उघडता येत नाही. खरा उपाय कुसू जाड करण्याचा. त्यावरचा जुना सरस गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ करून पूर्ण खरवडला, कारण जुन्या थरावर नवा चिकटत नाही. मग सागाचीच कागदाहून थोडी जाड पट्टी कुसवाच्या दोन्ही गालांवर सारखी चिकटवली, म्हणजे दांडी मधोमध राहते. सागाचं तेल इथे आडवं येतं. तासून बराच वेळ ठेवलेल्या सागावर तेल पृष्ठभागाशी येतं आणि सरस असो वा फेविकॉल, पकड कमी होते. म्हणून पृष्ठभाग ताजा खरवडायचा आणि लगेच चिकटवायचं. वाळल्यावर पट्टी रंध्यानं बेतानं उतरवत न्यायची, इतकी की कुसू हातानं बरंचसं आत जावं आणि शेवटच्या पाव इंचाला लाकडी हातोड्याचे ठोके लागावेत. ठोक्याशिवाय गेलं तर सैल, पहिल्यापासून ठोके लागले तर पाय चिरायची भीती.

कुसू आणि भोक यांच्यामधे मात्र मी काहीच चिकटवलं नाही. सांधा आडव्या मेखेनं आवळला. मेख बांबूची, कारण बांबूचे धागे सलग असतात आणि बारीक मेखही मोडत नाही. एका टोकाला किंचित निमुळती केली की जुन्या, झिजलेल्या भोकातही ती आवळत जाते. पुन्हा सोडवायचं झालं तर बारीक टोकावर मागून ठोका दिला की निघते. चारही कोपरे असे आवळल्यावर पलंग नुसत्या जमिनीवर उभा करून धरून हलवला. हलला नाही, तेव्हाच पायांकडे वळले.

पायाखालची वाटी

पाय उंच करायचे दोन मार्ग होते. पायाला खालून भोक पाडून त्यात खुंटी ठोकायची आणि खाली ठोकळा लावायचा, हा नेहमीचा. त्यात मूळ पायात भोक पडतं, तेही जिथे कातकाम सगळ्यांत बारीक झालेलं असतं त्या टोकाला. आत्याच्या अटीत ते बसत नव्हतं. म्हणून दुसरा मार्ग घेतला. पाय ज्यात उभा राहील अशी खोल वाटी असलेला ठोकळा, पायाला न खिळा न सरस.

मापं अशी. पायाचं खालचं बोंड पावणेदोन इंच व्यासाचं. ठोकळा सव्वातीन इंच व्यासाचा, म्हणजे वाटीची भिंत पाऊण इंच जाड. वाटीची खोली सव्वा इंच, ठोकळ्याची एकूण उंची पावणेचार इंच. पाय वाटीत सव्वा इंच उतरतो, खाली अडीच इंच उरतात. तेवढाच पलंग वर येतो. वाटी उथळ ठेवायचा मोह टाळावा. अर्ध्या इंचाची वाटी दिसायला नाजूक दिसते, पण पलंग कुणी एका बाजूनं उचलून सरकवला की पाय बाहेर येतो.

लाकूड आत्याच्याच घरातलं. जुन्या दाराची सागवानी चौकट परसात पडून होती, तिचा खालचा हात कुजलेला, वरचा खणखणीत. बाजारातून नवं आणायचं तर पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी जुनं उतरवलेलं सागवानही मिळतं, आणि अशा कामाला मी जुनंच घेते. ते पुरतं वाळलेलं असतं, पुढे आकसत नाही. तुकडे निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. गाठ नको, आणि झाडाचा मधला बिंदू ज्यात आला आहे तो तुकडा नको, कारण त्या बिंदूपासून हमखास तडा जातो. ठोकळ्याच्या नसा पायाच्या नसांसारख्या उभ्या ठेवल्या. लाकूड नसांच्या दिशेनं फार मोठा भार पेलतं. पलंग, गादी आणि दोन माणसं धरून एका पायावर अगदी शंभर किलो आले, तरी त्या बोंडाखाली दर चौरस सेंटिमीटरला सहा-सात किलो पडतात. साग उभ्या नसांवर शेकड्यांनी पेलतो. आडव्या नसांवर ती ताकद बरीच कमी होते आणि लाकूड हळूहळू चेपत जातं.

उभ्या नसांचा एक तोटा आहे. वाटीची भिंत आतून ताण बसला तर नसांबरोबर उभी चिरू शकते. म्हणून प्रत्येक ठोकळ्याच्या वरच्या कडेला पितळी कडं बसवलं. पटाशीच्या मुठीला कडं असतं ते याच कारणानं.

ठोकळे एका कातारी काकांकडून कातून घेतले. त्यांच्याकडे जाण्याआधी चारही बोंडांची मापं कॅलिपरनं घेतली होती, प्रत्येकाची दोन दिशांनी, आणि हे करणं किती गरजेचं होतं ते तिथे कळलं. चारांतलं एकही बोंड पूर्ण गोल नव्हतं. कातताना ते गोलच असणार. पण लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेनं जास्त आकसतं, गाभ्याकडून सालीच्या दिशेनं कमी. सागात हा फरक साधारण दुपटीचा. त्यामुळे काळाच्या ओघात गोल बोंड लंबगोल होतं. फरक एखाद्या मिलिमीटरचा, तरी गोल वाटीत तो पाय एका बाजूला हलणारच. उपाय असा केला, की वाटी मोठ्या व्यासाला धरून कातली आणि आत नमद्याची पट्टी बसवली. नमदा दबतो, लंबगोलाशी जुळवून घेतो, आणि पायाचं पॉलिशही वाचवतो. प्रत्येक ठोकळ्याच्या तळाशी त्याच्या पायाचा आकडा कोरून ठेवला.

पलंग ठोकळ्यांवर उभा केल्यावर एक कोपरा किंचित उचललेला राहिला. शहाबादी फरशी कधीच पुरती सपाट नसते. अशा वेळी ज्या जागेवर पलंग कायम राहणार त्याच जागेवर तो जुळवावा. उचललेल्या पायाखाली पत्त्याचे तुकडे एकेक करून सरकवले, हलणं थांबेपर्यंत. तेवढी जाडी बाकीच्या तीन ठोकळ्यांच्या तळातून उतरवायची. उतरवायचं ते ठोकळ्यातून, पायातून कधीच नाही. मग तळाला स्पिरिटमधे विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, चार-पाच हात दिले. लाकडाचं आडवं कापलेलं तोंड पाणी झपाट्यानं ओढतं आणि फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते. वरून रबराच्या चकत्या लावल्या, त्यांनी पलंग सरकतही नाही.

नवारीच्या जागी फळ्या

नवार सोडताना आत्या शेजारी बसली होती. ती धुऊन, वाळवून, गुंडाळी करून ठेवायची हे आधीच ठरलं होतं.

फळ्यांसाठी फणसाचं लाकूड वापरलं. कोकणात फणस सामानाला पूर्वापार वापरतात, वाळवीला तो बऱ्यापैकी टिकतो, आणि आत्याच्या माळ्यावर इंचभर जाडीच्या फळ्या कितीतरी वर्षं पडून होत्या. हवेवर लाकूड वाळायला इंचामागे साधारण वर्ष लागतं असा ठोकताळा आहे. या फळ्यांनी तो केव्हाच ओलांडला होता. त्या रंधून सपाट केल्या, चार इंच रुंदीच्या १३ पट्ट्या कापल्या.

पट्ट्या आडव्या टाकायच्या, म्हणजे अंतर कमी पडतं. आतली रुंदी ३८ इंच होती. पट्टीच्या जाडीत कंजुषी करू नये, कारण जाडीचा फायदा घनानं वाढतो. पाऊण इंचाऐवजी एक इंच घेतला तर पट्टी दुपटीहून जास्त ताठ होते, लाकूड मात्र तिसऱ्या हिश्श्यानंच जास्त लागतं. दोन पट्ट्यांमधे दीड इंच फट ठेवली. कोकणातल्या पावसाळ्यात कापसाच्या गादीला खालून वारा लागला नाही तर ती आठवड्याभरात कुबट होते. सलग प्लायवूड टाकणं सोपं असतं, पण दमट हवेत मी ते टाळते.

पट्ट्या टेकायला दोन्ही लांब दांड्यांच्या आतल्या बाजूला सागाची पट्टी लावली, दांडीच्या वरच्या काठापेक्षा बरोबर इंचभर खाली, म्हणजे फळ्या दांडीशी समपातळीत येतात आणि मांडीला टोचणारी कड राहत नाही. मूळ लाकडात भोकं पडली ती एवढ्याच कामात, आणि तीही आतल्या, न दिसणाऱ्या अंगाला. आत्याला दाखवून, विचारून पाडली. "आतून काय कोण बघतंय? पाड," म्हणाली. स्क्रू पितळी घेतले, कारण खाडीकाठच्या हवेत लोखंडी स्क्रू गंजतो आणि काढताना मोडतो. पण पितळ मऊ असतं. थेट पिळलं तर डोकं तुटून आत राहतं. म्हणून आधी ड्रिलनं भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पिळून काढायचा, म्हणजे आटे पडतात, आणि शेवटी पितळी स्क्रूला साबण लावून हातानं पिळायचा. मशीन नको.

प्रत्येक पट्टीला दोन्ही टोकांना मधोमध एकेकच स्क्रू. दोन-दोन दिले तर काम जास्त पक्कं होईल असं वाटतं. परंतु फणसाची चार इंच रुंद पट्टी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना एखादा मिलिमीटर फुगते. मधल्या स्क्रूच्या दोन्ही बाजूंना ती मोकळेपणी फुगते-आकसते. दोन स्क्रूंमधे अडकली तर उन्हाळ्यात चिरते. लांबीत लाकूड जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे त्या दिशेला काळजी नाही.

रंग आणि पॉलिश

पॉलिशचं काम मी सगळ्यांत कमी केलं. जुन्या सामानावर नवी चकाकी चढवायची हौस बहुतेकांना असते. मला ती पटत नाही. हातांनी, तेलानं, उजेडानं जो रंग चढलेला असतो तो परत कुठून आणणार? आधी जुनं पॉलिश कशाचं आहे ते पाहायचं. स्पिरिटमधे बुडवलेला कापूस न दिसणाऱ्या जागी घासायचा. चिकट होऊन रंग कापसाला लागला तर ते लाखेचं, आणि लाखेच्या पॉलिशवर नवा हात थेट बसतो, खालचं खरवडावं लागत नाही. आत्याच्या पलंगाचं तसंच होतं. पुराच्या पाण्यानं पांढरे पडलेले डाग स्पिरिटच्या हलक्या हातानं बरेचसे गेले.

जुन्या लाकडावर चॉकलेटी ऑइल पेंट फासलेला असेल तर मात्र सावध राहावं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासायचा नाही, धूळ उडते आणि घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाते. पाणी मारत ओला घासायचा आणि निघालेला गाळ पुसून फेकायचा.

नवे ठोकळे पायांपेक्षा फिकट दिसत होते. आतेभावाला ते लगेच गडद करून हवे होते. मी थांबायला सांगितलं. ताजा तासलेला साग उजेडात काही महिन्यांत आपोआप गडद होतो. आजच रंग जुळवला तर वर्षभरात ठोकळे पायांपेक्षा काळे दिसतील. नुसता पातळ चपडा दिला, एक लिटर स्पिरिटला सुमारे १५० ग्रॅम, काचेच्या बरणीत रात्रभर विरघळवून. लोखंडी डब्यात चपडा काळपटतो. मलमलीत बांधलेल्या कापसाच्या बोळ्यानं पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा हात. हे काम मार्गशीर्षात केलं, कारण पावसाळी हवेत स्पिरिट उडताना ओल आत अडकते आणि पॉलिशवर पांढरी झाक येते. स्पिरिट पेट घेतं, म्हणून देवघरातली समई विझेपर्यंत बरणी उघडली नाही. आणि कुणी अळशीचं तेल वापरत असेल तर तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्यात टाकू नयेत. ते वाळताना तापतात आणि आपोआप पेटतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून टाकावेत.

शेवटी गादी टाकून आत्याला बसवलं आणि पट्टी पुन्हा उभी धरली. सव्वाअठरा भरले. फळ्यांवर गादी थोडी कमी दबली होती. गादीचा कापूस नव्यानं पिंजून घेतला होता, तो बसला की पाव इंच जाईल.

आतेभावाला दोन कामं सांगून ठेवली आहेत. पहिला पावसाळा संपला की फळ्यांचे स्क्रू हातानं तपासायचे, सैल असेल तो पाव वळसा आवळायचा, आणि मेखा बाहेर सरकल्या असतील तर ठोकून आत घ्यायच्या. पलंग हलवायचा झाला तर सरकवायचा नाही. दोघांनी दोन टोकांना धरून सरळ उचलायचा, ठोकळे नव्या जागी आकड्याप्रमाणे मांडायचे, आणि चारही पाय वाटीत तळापर्यंत बसले की नाही ते वाकून बघूनच आत्याला बसू द्यायचं.